वडिलांच्या अर्ध्या अंगाची आग आणि डोक्यावरची चुंबकीय कॉइल: कोणाला अनुभव आहे का?

मुलुंडची लेक:

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डाव्या बाजूची गेलेली शक्ती फिजिओथेरपीने बरीचशी परत आली आणि आता ते काठी घेऊन सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारतात. परंतु झटक्यानंतर साधारण तीन महिन्यांनी त्याच डाव्या बाजूला आग सुरू झाली, ती आजतागायत थांबलेली नाही. आम्ही आधी पायाचे एक्स-रे काढले, मग शिरांची तपासणी केली, आणि शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय पाहून सांगितले की पायात काहीही बिघडलेले नाही. बिघाड मेंदूतल्या उजव्या थॅलॅमसमध्ये, म्हणजे शरीराच्या संवेदना पुढे पोहोचवणाऱ्या खोल भागात आहे आणि पायाला तो केवळ जाणवतो.

बाबांचे दुखणे कोणाला पटवून देणे कठीण जाते. त्यांना डाव्या पायावर चादर सहन होत नाही. पंख्याचा वारा लागला की चटका बसल्यासारखे होते, त्यामुळे मे महिन्यातल्या मुंबईत आमच्या घरात त्यांच्या खोलीतला पंखा बंद असतो. प्रीगॅबलिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही नसांच्या दुखण्यावरची दोन्ही औषधे चालू आहेत. त्यांनी ठणका थोडा कमी होतो, पण दिवसभर गुंगी राहते, लघवीला त्रास होतो आणि गेल्या महिन्यात ते न्हाणीघरात पडले. डोस आता आणखी वाढवायला न्यूरॉलॉजिस्ट तयार नाहीत.

एका नातेवाइकांनी दादर परिसरातल्या एका खासगी मानसोपचार केंद्राचे नाव सुचवले. तेथे डोक्यावर चुंबकीय कॉइल ठेवून शस्त्रक्रियेविना, भूल न देता उपचार करतात. वीस सेशनचे पॅकेज आहे आणि पूर्ण रक्कम आधी भरायची आहे. फोनवर बोललेल्या बाईंनी ‘नसांच्या दुखण्यावर हमखास फरक पडतो’ असे सांगितले, आणि त्या ‘हमखास’ शब्दानेच मी सावध झाले. घरी हा विषय काढला तेव्हा आई म्हणाली की शॉक द्यायचे असतील तर नको, आणि बाबांनी विचारले की मला वेडा ठरवता आहात का. या उपचारामागे खरोखर काही शास्त्र आहे का, आणि पैसे भरण्यापूर्वी मी त्या केंद्राला काय विचारायला हवे?

वेदनाचिकित्सक:

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या वेदना-उपचार विभागात काम करतो. आपल्या वडिलांना न तपासता मी त्यांच्यासाठी उपचार सुचवू शकत नाही, पण विषय समजावून सांगू शकतो.

आईंची शंका आधी दूर करतो. विद्युत-आघात उपचारात रुग्णाला भूल देऊन मुद्दाम आकडी आणली जाते. चुंबकीय कॉइलच्या या उपचारात (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, टीएमएस) भूल नसते, आकडी येऊ नये म्हणून काळजी घेतली जाते, आणि रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी हे तंत्र पहिल्यांदा माणसावर दाखवले. कॉइलमधून क्षणभर प्रचंड विद्युतप्रवाह सोडला की तिच्याभोवती १.५ ते २ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र उभे राहून लगेच विरते, आणि या झपाट्याने बदलणाऱ्या क्षेत्रामुळे कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या मेंदूत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. असे स्पंद एकामागून एक ठरावीक गतीने दिले की त्या भागाची उत्तेजनक्षमता काही काळ बदललेली राहते.

आता वेदनेकडे येऊ. वेदनेचे केंद्र थॅलॅमसमध्ये असताना कॉइल मात्र हालचालींच्या पट्ट्यावर, म्हणजे मोटर कॉर्टेक्सवर ठेवतात, याचे नवशिक्या डॉक्टरांनाही आश्चर्य वाटते. याचा उगम शस्त्रक्रियेत आहे. १९९१ मध्ये जपानमधील त्सुबोकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या आपल्या वडिलांसारख्या, थॅलॅमसशी निगडित वेदनेच्या रुग्णांमध्ये मेंदूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवले. संवेदनेच्या पट्ट्याला उद्दीपन देऊन उपयोग झाला नाही. शेजारच्या हालचालींच्या पट्ट्याला दिल्यावर वेदना उतरली. या पट्ट्यापासून थॅलॅमसकडे, तेथून वेदनेच्या भावनिक बाजूशी संबंधित भागांकडे आणि पुढे मेंदूच्या खोडापर्यंत जाणारे मार्ग असून, शरीराची स्वतःची अफूसदृश रसायनेही या साखळीत काम करतात. नॅलॉक्सोन हे अफूविरोधी औषध आधी दिले असता या उपचाराचा वेदनाशामक परिणाम कमी होतो, असे प्रयोगात दिसले आहे, म्हणून हे केवळ मनाचे समाधान आहे असे म्हणता येत नाही.

पुरावा किती, हे सांगताना मला दोन गोष्टी एकाच वेळी सांगाव्या लागतात. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दुखण्याच्या विरुद्ध बाजूच्या मोटर कॉर्टेक्सला जलद गतीने दिलेल्या उद्दीपनाला नसांच्या वेदनेसाठी सर्वांत वरची, ‘अ’ श्रेणी दिलेली आहे. दुसरीकडे, वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्याने दीर्घकालीन वेदनेवरील अशा सर्व प्रयोगांची छाननी करून परिणाम लहान आणि अल्पकाळ टिकणारा आहे, प्रयोगांचा दर्जाही हलका आहे, असे नोंदवले. २०२१ मध्ये फ्रान्समधील चार केंद्रांत १४९ रुग्णांवर झालेला प्रयोग मला या सर्वांत उपयोगी वाटतो. त्यात सेकंदाला १० या गतीने एका बैठकीत ३००० स्पंद, २२ आठवड्यांत १५ बैठका असा क्रम होता. मोटर कॉर्टेक्सवर खरे उद्दीपन मिळालेल्या गटाची वेदना केवळ तुलनेसाठी खोटे उद्दीपन मिळालेल्या गटापेक्षा अधिक उतरली आणि तो फरक २५ आठवड्यांपर्यंत टिकला. त्याच प्रयोगात कपाळामागच्या भागावर कॉइल ठेवलेला तिसरा गटही होता, आणि त्याला खोट्या उद्दीपनापेक्षा अधिक लाभ झाला नाही. मात्र ते सर्व रुग्ण मेंदू आणि मज्जारज्जूबाहेरच्या मज्जातंतूंच्या इजेचे होते, पक्षाघाताचे नव्हते. पक्षाघातानंतरच्या वेदनेसाठी इजिप्तमधील २००५ चा प्रयोग पाहावा लागतो: पाच दिवस रोज उद्दीपन दिल्यावर आराम दोन आठवडे टिकून होता. परंतु त्यात पक्षाघाताचे रुग्ण फक्त २४ होते, आणि त्यातही खरे उद्दीपन १४ जणांनाच मिळाले.

उलट बाजूही सांगतो. जपानमध्ये २०२० साली १४४ रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सेकंदाला ५ या तुलनेने संथ गतीने दिलेले उद्दीपन खोट्या उद्दीपनापेक्षा सरस ठरले नाही. गती, स्पंदांची संख्या आणि बैठकांचा क्रम बदलला की निकाल बदलतो, असा मी त्याचा अर्थ लावतो. माझे काही सहकारी मात्र त्याचा अर्थ ‘एवढेही काही नाही’ असा लावतात. २०२५ मध्ये अद्ययावत झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी या उपचाराला तिसऱ्या फळीत ठेवले आहे, म्हणजे पहिल्या दोन फळ्यांची औषधे वापरून पाहिल्यानंतर. आपले वडील जवळपास त्याच टप्प्यावर आहेत.

आता आपला शेवटचा प्रश्न. मी आपल्या जागी असतो तर त्या केंद्राला एकच प्रश्न आधी विचारला असता: कॉइल कोठे ठेवणार? मुंबईतील बहुतेक यंत्रे मानसोपचारासाठी घेतलेली आहेत. नैराश्यावरच्या उपचारात कॉइल डाव्या कपाळामागच्या भागावर ठेवतात. अंगठा हलवणारी जागा शोधायची आणि तेथून पाच-सहा सेंटिमीटर पुढे सरकायचे, ही जुनी पद्धत आहे. वेदनेच्या उपचारात पुढे सरकायचे नसते. शिवाय वडिलांचे दुखणे डावीकडे आहे, म्हणजे कॉइल उजवीकडे हवी. त्यांनी ‘डावीकडे, कपाळाशी’ असे उत्तर दिले, तर आपण वडिलांच्या वेदनेसाठी नव्हे, तर नैराश्यासाठीच्या उपचाराचे पैसे भरणार आहात. वेदनेसोबत नैराश्य असणाऱ्यांना त्याचाही लाभ होऊ शकतो, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि तसे स्पष्ट सांगूनच तो द्यायला हवा.

नाव नको:

मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्या सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी छातीवर नागीण उठली होती. फोड गेले, पण कळा राहिल्या. त्यांनाही हे लागू पडेल का?

वेदनाचिकित्सक:

नागिणीनंतरची वेदना ही मज्जातंतूंचीच वेदना आहे, त्यामुळे तत्त्वतः लागू पडते. परंतु त्यांच्या बाबतीत लिडोकेनचा पॅच नीट वापरून पाहिला आहे का, हे आधी पाहा. दुखणारी जागा मर्यादित असताना त्यावरच लावता येणारे आणि गुंगी न आणणारे औषध वगळून थेट डोक्याच्या कॉइलपर्यंत जाण्याचे कारण मला दिसत नाही.

कल्याण ते परळ:

ताई, मी रुग्ण आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूने लिहितो. २०१७ मध्ये पूर्व द्रुतगती मार्गावर मोटारसायकल घसरली आणि उजव्या हाताला जाणाऱ्या नसांची मुळे मणक्यापाशीच उपटली गेली. हाताला स्पर्श कळत नाही, पण तोच हात कोणीतरी दाराच्या फटीत चेंगरत असल्यासारखा दुखतो, आणि दिवसातून वीस-पंचवीस वेळा कोपरापासून बोटांपर्यंत विजेसारखी चमक जाते.

मी दोन ठिकाणी हा उपचार घेतला. पहिल्या ठिकाणी वरच्या डॉक्टरांनी लिहिले आहे तेच झाले. दहा बैठका कॉइल डाव्या कपाळावर होती. मी कधी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. झोप थोडी सुधारली, दुखणे तसेच राहिले आणि पैसे गेले. दुसऱ्या ठिकाणी पहिल्या दिवशी त्यांनी अर्धा तास फक्त जागा शोधण्यात घालवला. माझा उजवा हात लुळा असल्यामुळे अंगठा हलेना, म्हणून त्यांनी उद्दीपनाची ताकद दुसऱ्या, चांगल्या बाजूवरून ठरवली आणि जागा मात्र एमआरआय पाहून निश्चित केली. फरक मला तेथे पहिल्यांदा समजला.

प्रत्यक्षात काय होते ते सांगतो, म्हणजे बाबांच्या मनाची तयारी होईल. कानात बोळे घालायला देतात, कारण यंत्राचा आवाज कोणीतरी कानाशी टाचण्या मारत असल्यासारखा कटकट येतो. डोक्याच्या कातडीवर टिचक्या बसतात, दुखत नाही, पण पहिल्या दिवशी विचित्र वाटते. दहा सेकंद कटकट, मग थोडी विश्रांती, पुन्हा कटकट, असे वीस मिनिटे चालते. घरी गेल्यावर पहिले तीन-चार दिवस डोके दुखले.

दोन आठवडे मला काहीही जाणवले नाही आणि मी सोडून देणार होतो. तिसऱ्या आठवड्यात चमका कमी झाल्या. शेवटी त्या दिवसाला आठ-दहावर आल्या. चेंगरल्यासारखे दुखणे दहापैकी आठवरून सहावर आले, त्याखाली कधी गेले नाही. बैठका थांबवल्यावर साधारण पाच आठवड्यांनी चमका परत वाढल्या. आता मी महिन्यातून एकदा जातो. बायको म्हणते की एवढ्याशा फरकासाठी एवढी धावपळ कशाला, पण रात्री सलग चार तास झोप लागणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच कळते.

एका गोष्टीचा मात्र आधी विचार करा. सुरुवातीला रोज जावे लागते. कल्याणहून परळपर्यंत सकाळच्या गाडीत, दिव्यांगांच्या डब्यातसुद्धा, कोणाचा ना कोणाचा धक्का हाताला लागायचाच, आणि उपचाराने जे कमावले ते परतीच्या गाडीत गमावले असे बरेचदा वाटले. बाबांना वाराही सोसत नसेल, तर मुलुंड ते दादर प्रवासाचा खर्चही पॅकेजमध्ये धरा आणि दुपारची वेळ मागून घ्या.

लोहचुंबक:

मी डॉक्टर नाही, विद्युत अभियंता आहे. या धाग्यावर कोणीतरी लवकरच ‘घरच्या घरी करता येणारे स्वस्त यंत्र’ सुचवील, म्हणून आधीच लिहून ठेवतो, कारण तो मूर्खपणा मी केलेला आहे.

वर ज्याची चर्चा चालू आहे ते यंत्र घरी बनवता येत नाही. त्यात कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज हजारो अँपिअरच्या स्वरूपात सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागात कॉइलमधून सोडली जाते. तो टाचण्यांसारखा आवाज म्हणजे त्या धक्क्याने कॉइलची तार आतल्या आत ताणली जाण्याचा आवाज असतो. घरी बनवतात ती दुसरी पद्धत: खाऱ्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला बांधून त्यांतून १ ते २ मिलिअँपिअरचा सलग प्रवाह वीस मिनिटे सोडायचा. एक स्पंज मोटर कॉर्टेक्सवर, दुसरा विरुद्ध बाजूच्या भुवईच्या वर. गॉटिंगेनमध्ये नित्शे आणि पाउलुस यांनी २००० मध्ये या पद्धतीचे परिणाम मोजून दाखवले, तेव्हापासून तिची चलती आहे. दोन्ही पद्धतींना ‘मेंदूचे उद्दीपन’ या एकाच नावाने ओळखतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चुंबकीय स्पंद मेंदूत मीटरला साधारण १०० व्होल्टचे क्षेत्र उभे करतो आणि पेशीला प्रत्यक्ष पेटवतो. स्पंजाच्या प्रवाहाचा मोठा भाग डोक्याच्या कातडीवरूनच वळून जातो, मेंदूत पोहोचणारे क्षेत्र मीटरला १ व्होल्टच्याही खाली राहते, आणि ते पेशीला फार तर किंचित कलते करते. नसांच्या वेदनेसाठी या दुसऱ्या पद्धतीचा पुरावा बराच कमकुवत आहे. मणक्याच्या दुखापतीनंतरच्या वेदनेवर २००६ मध्ये १७ रुग्णांवर चांगला निकाल आला होता, तो पुढे इतरांना तसाच मिळाला नाही.

मला मानदुखीचा जुना त्रास आहे. लॅमिंग्टन रोडवरून दोन-अडीचशे रुपयांत सुटे भाग आणले, नऊ व्होल्टची बॅटरी लावली आणि प्रवाह स्थिर ठेवण्यासाठी हाताशी असलेला एलएम ३१७ हा रेग्युलेटर बसवला. इतक्या कमी प्रवाहावर तो भरवशाने काम करत नाही, हे मला माहीत असायला हवे होते. शिवाय पंख्याखाली बसल्यामुळे स्पंज एका कडेने वाळला आणि सगळा प्रवाह उरलेल्या ओल्या कोपऱ्यातून जाऊ लागला. कपाळावर आठ आण्याच्या नाण्याएवढा भाजल्याचा डाग महिनाभर होता. ऑफिसात विचारले तेव्हा इस्त्री लागली असे सांगितले. कपाळाला इस्त्री कशी लागते, हे सुदैवाने कोणी विचारले नाही. पक्षाघात झालेल्या माणसाच्या डोक्यावर असले प्रयोग कृपा करून कोणी करू नयेत.

मुलुंडची लेक:

आपण सर्वांनी एवढे सविस्तर लिहिलेत, मनापासून आभारी आहे. डॉक्टरसाहेब, तीन शंका उरल्या आहेत. बाबांच्या हृदयात २०१९ मध्ये बसवलेली एक स्टेंट आहे, ती चालेल का? उपचार सुरू केल्यावर गोळ्या थांबवता येतील का? आणि आग पायात जास्त आहे, तर कॉइल पायाच्या जागेवर ठेवतात का?

वेदनाचिकित्सक:

हृदयातील स्टेंट कॉइलपासून दूर असते आणि साधारणतः अडचण ठरत नाही. तरी कार्डिऑलॉजिस्टचे कागद सोबत न्या. पेसमेकर, कानात बसवलेले कॉक्लिअर यंत्र किंवा मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली धातूची क्लिप असेल तर चित्र वेगळे असते. आपल्या बाबतीत मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो आकडीचा प्रश्न. या उपचाराने आकडी येणे फार विरळ आहे, पण पक्षाघाताने मेंदूवर राहिलेला वण स्वतःच आकडीची शक्यता वाढवतो, आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी औषधे त्यात भर घालतात. ट्रॅमाडॉल कोणी लिहून दिले असेल तर तेही सांगा. झटक्यानंतर वडिलांना कधी आकडी, क्षणभर भान हरपणे किंवा हात आपोआप झटकणे असे झाले असेल, तर ते लपवू नका. केंद्राने हे प्रश्न स्वतःहून विचारले नाहीत, तर मी तेथून उठून आलो असतो.

गोळ्या थांबवू नका. प्रीगॅबलिन एकदम बंद केल्यास त्याचा स्वतःचा त्रास होतो, आणि दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की कशामुळे काय झाले हे कोणालाच कळत नाही. वेदना उतरली आणि काही आठवडे तशीच राहिली, तर आधी अ‍ॅमिट्रिप्टिलिन हळूहळू कमी करण्याविषयी आपल्या न्यूरॉलॉजिस्टशी बोला. ते न्हाणीघरात पडले होते, हे मी विसरलेलो नाही.

पायाविषयी: पायाची जागा मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या फटीत, खोल आहे आणि नेहमीच्या आठच्या आकाराच्या कॉइलने तेथे नीट पोहोचता येत नाही. बहुतेक प्रयोगांत दुखणे कोठेही असले तरी हाताची जागा वापरलेली आहे आणि वेदना तरीही उतरलेली दिसते. त्यामुळे कोणी हाताची जागा निवडली तर ती चूक समजू नका.

एक काम आजच सुरू करता येईल. उपचाराआधी दोन आठवडे वेदनेची वही ठेवा. दिवसातून तीनदा शून्य ते दहा असा आकडा, रात्री किती वेळा जाग आली, आणि वडिलांना सर्वांत टोचणारी एक गोष्ट पुन्हा करता येते का, एवढे पुरे. बैठका चालू असतानाही वही तशीच चालू ठेवा. साधारण दहा-बारा बैठकांनंतर वेदना तीस टक्क्यांनीही उतरली नसेल, तर थांबायचे, हे केंद्राशी आधीच ठरवून घ्या. पूर्ण रक्कम आगाऊ घेणाऱ्याला ही अट बहुधा आवडणार नाही.

मुलुंडची लेक:

आज दादरच्या केंद्रात पुन्हा फोन केला. कॉइल कोठे ठेवणार असे विचारल्यावर त्या बाईंनी दोन मिनिटे थांबायला सांगितले आणि मग उत्तर दिले: डावीकडे, कपाळाजवळ, ‘सगळ्यांना तिथेच देतो’. उजव्या मोटर कॉर्टेक्सविषयी विचारले तेव्हा डॉक्टरांशी बोलून कळवतो म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत फोन आलेला नाही आणि मी पैसे भरलेले नाहीत. पुढच्या मंगळवारी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली आहे. वेदनेसाठी हा उपचार करणारे दुसरे कोणी त्यांच्या माहितीत आहे का, ते विचारीन.

वही बाबांनी माझ्या हातून काढून घेतली. ते निवृत्त हिशेबनीस आहेत, त्यांना रकाने आखल्याशिवाय चैन पडत नाही. शेवटच्या रकान्यावर, सर्वांत टोचणारी गोष्ट म्हणून, त्यांनी स्वतःच ‘पंखा’ लिहिले आहे. आजची पहिली नोंद अशी आहे: पहाटे ४ वाजता, डावा पाय, ७, पंखा १ वर, अडीच मिनिटे, बंद केला.